वगळलेला माणूस

माझी भावजय दुष्ट नव्हती, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही तिला कैदाशीण ठरवाल आणि मोकळे व्हाल. दुष्ट बाईचं एक बरं असतं, माणूस तिच्यापासून जपून राहतो. त्रिशला हुशार होती, कष्टाळू होती, आणि कुणी आपल्याला फसवतंय असा नुसता वास आला तरी तिच्या डोक्यात तिडीक जायची. एवढं सगळं एका बाईत असलं म्हणजे घराला बाहेरच्या शत्रूची गरज उरत नाही.

आमच्या आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा ती सांगलीला, माझ्या धाकट्या भावाकडे, अभिनंदनकडे होती. उजवा हात गेला, उजवा पाय गेला. जीभ जड झाली, पण नीट कान दिला तर बोलणं कळायचं. मी बेळगावला. माझ्या घरी दोन जिने, आणि वर आमच्या ह्यांचा स्वभाव. आई माझ्याकडे येणं शक्य नव्हतं, त्यावर आता कीस काढण्यात अर्थ नाही. तर आई तिथेच राहिली. त्रिशला तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. पुण्याला विभागप्रमुख म्हणून बढतीवर जायची ऑर्डर तिच्या हातात पडली होती, ती तिने आईपायी नाकारली. कधी बोलून दाखवलं नाही, पण पोटात ठेवलं.

अभि घराजवळच्याच एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मॅनेजर. त्याच्या मणक्याचं मोठं ऑपरेशन झालेलं. जड उचललंत तर पाय कायमचे जातील, असं डॉक्टरांनी बजावलेलं, आणि त्या दिवसापासून त्रिशला त्याला भाजीची पिशवीसुद्धा उचलू देत नव्हती. आईचं सकाळचं सगळं, पुसून घेणं, कपडे बदलणं, कूस वळवणं, ती एकटी करायची. दुपारी कामाच्या आशाबाई यायच्या आणि आईला भरवून जायच्या. संध्याकाळी त्रिशला धावतपळत घर गाठायची, कारण आई कडक. सूर्य मावळला की अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही. झटका आला म्हणून तिने तो नेम सोडला नव्हता, आणि आमच्या जैनांच्या घरात तो कुणी सोडायला लावलाही नसता.

हे असं चाललं होतं, तेवढ्यात घराघरांत वायफायचे नवे डबे आले. आता कुणाला त्याचं नवल राहिलेलं नाही, तेव्हा होतं. राउटर म्हणजे इंटरनेट देणारा डबा, एवढंच आपल्याला ठाऊक. पण त्यातून ज्या लहरी निघतात त्या भिंतीवर आपटतात, कपाटावर आपटतात, तशा माणसावरही आपटतात. माणूस म्हणजे शेवटी पाण्याने भरलेली पखाल. लहरी त्याच्यात थोड्या मुरतात, थोड्या उलटून येतात. माणूस हलला की उलटून येणाऱ्या लहरींचा नमुना बदलतो. नुसता श्वास घेतला, छाती तांदळाच्या दाण्याएवढी वर झाली, तरी बदलतो. जुने डबे हा बदल कटकट समजून पुसून टाकायचे. नव्या डब्यांतल्या चिपा तोच वाचायला शिकल्या. घरात किती माणसं, कोण कुठे, कोण पडलं, कुणाचा श्वास चुकतोय, हे सगळं त्यांना कॅमेऱ्याशिवाय कळायला लागलं. प्रत्येकाची चालायची लकब वेगळी, त्यावरून डबा माणूससुद्धा ओळखू लागला.

अंथरुणावर माणूस असलेल्या घरांना ही मोठीच सोय. फक्त एक होतं, डबा हे सगळं आधी कंपनीला सांगायचा आणि कंपनी मग ज्याला त्याला. आई अंथरुणाला खिळली त्याच आठवड्यात त्रिशलाच्या फोनवर वृद्धाश्रमांच्या जाहिराती सुरू झाल्या, हिरवळीवर हसणाऱ्या म्हाताऱ्यांच्या. आणि दर रविवारी जवळच्या नातलगांना कंपनीचा एक 'आपुलकी अहवाल' यायचा. मलाही यायचा. आईजवळ या आठवड्यात माणूस किती वेळ होतं, हे त्यात असायचं, शेजारी शहरातल्या बाकी घरांची सरासरी. त्रिशलाचं घर सरासरीच्या खाली. मी फोन करून विचारायची. मुलीने एवढंही विचारायचं नाही तर काय करायचं? एकदा चुलत बहिणीकडच्या साखरपुड्यात चार बायकांत विषय निघाला आणि माझ्या तोंडून तो आकडा गेला. त्रिशला तिथेच उभी होती, पेढ्यांचं ताट घेऊन. तिला झोंबलं. झोंबायला नको होतं असं मी म्हणत नाही.

घरी जाऊन तिने पहिली गोष्ट केली ती ही, की कंपनीला घराबाहेर काढलं.

फर्मवेअर म्हणजे काय ते तिनेच मला नंतर समजावलं. डबा म्हणजे अंग, आणि फर्मवेअर म्हणजे त्याला जन्मापासून लावलेलं वळण. कुणाचं ऐकायचं, कुणाला काय कळवायचं, मालकापासून काय लपवायचं, सगळं त्यात. डबा तुम्ही विकत आणला तरी वळण कंपनीचंच. पण जगात काही खटपटी मंडळी असतात, ती हौसेने आपलं स्वतःचं फर्मवेअर लिहितात आणि फुकट वाटतात. कंपनीचं पुसायचं नि त्या जागी हे चढवायचं. आपल्याकडच्या काही जणांनी असंच एक लिहिलं होतं, 'उंबरा' नावाचं. घरातली गोष्ट उंबऱ्याबाहेर जाणार नाही, हा त्याचा बाणा. मालकाला मात्र कुठूनही आपल्या फोनवर घर बघता येणार. धोका एवढाच, की जुनं पुसून नवं चढत असताना वीज गेली किंवा चुकीची फाइल चढली तर डब्याची वीट होते, मग तो दाराला टेकू लावायच्या कामाचा. त्रिशलाने डबा इन्व्हर्टरवर घेतला, केबलने लॅपटॉपला जोडला, मागच्या भोकात टाचणी दाबून धरली, आणि वर्गात प्रात्यक्षिक दाखवावं तितक्या शांतपणे कंपनीला पुसून टाकलं. पुढच्या रविवारी मला अहवाल आला नाही.

उंबऱ्याचा एक नियम होता. घरातल्या मोठ्या माणसाला बघायचं तर त्याची परवानगी हवी, अंगठ्याने. आईचा अंगठा त्रिशलाने फोनवर टेकवून घेतला. इंटरनेट नीट यावं म्हणून, असं सांगून. अभि मात्र अडून बसला. कंपनी असो की बायको असो, मला माझ्या घरात कुणी मोजायचं नाही, म्हणाला. त्याचीही सोय होती. नकार देणाऱ्याने एकदा सगळ्या खोल्यांतून फेऱ्या मारायच्या, डबा त्याची चाल शिकतो, आणि तेवढी चाल पुढे कायमची वजा करतो. त्या यादीला 'वगळलेले' म्हणायचे. सोबतच्या माहितीत स्वच्छ लिहिलं होतं की वगळलेला माणूस घरात असला तरी दिसणार नाही, तेव्हा दिसत नाही म्हणून तो नाहीच असं धरून चालू नये. त्रिशलाने ते वाचलं होतं. नंतर मला ते तिने तोंडपाठ म्हणून दाखवलं.

पहिले काही दिवस बरे गेले. कॉलेजात दोन तासांच्या मध्ये ती फोन उघडायची. घराचा नकाशा, पलंगावर एक ठिपका, त्याच्यावर 'आई' लिहिलेलं, आणि श्वासाबरोबर ठिपका किंचित मोठा, किंचित लहान. दुपारी आशाबाईंचा ठिपका यायचा, थांबायचा, जायचा. त्रिशलाच्या जिवाला खरंच स्वस्थता आली होती.

मग एका दुपारी आशाबाई गेल्यावर आईचा ठिपका पलंगावरून उठला आणि चालू लागला. हळूहळू, जड पावलांनी, गॅलरीपर्यंत. तिथे बराच वेळ थांबला. मग तसाच परत आला आणि पलंगावर आडवा झाला. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, आणि तिसऱ्या दिवशीही.

आता खरं काय ते इथेच सांगते. तुम्हाला कोड्यात ठेवून मला काही मिळवायचं नाही, मला नुसता राग आहे.

तो अभि होता. कंपनीचा डबा होता तोवर त्याचं भरदुपारी घरी येणं सगळ्यांना कळलं असतं. उंबरा आला, त्यात आपण वगळलेले, म्हटल्यावर तो मोकळा झाला. आशाबाई गेल्या की घरी यायचा, फोन ऑफिसच्या टेबलावर ठेवून, म्हणजे तो घरच्या वायफायला लागायला नको. आई छताकडे बघून बघून विटली होती. गॅलरीतून समोरच्या शाळेचं मैदान दिसतं, मधल्या सुट्टीत तिथे मुली खो-खो खेळतात, आणि आईचा सगळा जन्म मुलींना खो-खो शिकवण्यात गेलेला. व्हीलचेअर त्या गॅलरीच्या दारातून जात नाही. म्हणून हा शहाणा, मणक्यात स्क्रू बसवलेला माणूस, आईला दोन्ही हातांवर उचलून न्यायचा, आरामखुर्चीत ठेवायचा, सुट्टी संपली की उचलून परत आणायचा. त्रिशलाला सांगायचं नाही, अशी दोघांनी एकमेकांना शपथ घातलेली.

आणि डब्याचं म्हणाल, तर एकटा अभि दिसला की तो त्याला वजा करत होता, ठरल्याप्रमाणे. पण आई त्याच्या छातीशी आली की दोन शरीरं एकमेकांना चिकटलेली. लहरींना त्यांच्यामधली फट दिसत नाही, उलटून येतं ते एकच अंग. त्याची चाल अभिच्या चालीशी जुळत नाही, कारण ओझं घेतलेला माणूस वेगळा चालतो. मग हे अंग कुणाचं? पलंग आत्ता रिकामा झाला, त्याच क्षणी तिथून हे निघालं, तेव्हा ही आईच. यंत्राने सरळ हिशेब केला. त्याला कुणाशी काही वाकडं नव्हतं.

आणि ज्या नवऱ्याला आपण भाजीची पिशवी उचलू देत नाही, तो आईला उचलतोय, हे त्रिशलाच्या डोक्यात येणार तरी कुठून? तिला आठवलं ते वेगळंच. व्यायाम घ्यायला येणारी मुलगी एकदा म्हणाली होती की पायात जरा ताकद येतेय, मनावर घेतलं तर आजी उभ्या राहतील. झालं. म्हातारीने मनावर घेतलंय, आणि आपल्यापासून लपवलंय. कशासाठी, तर सून राबतेय ती राबत राहावी. पुण्याची ऑर्डर तिच्या डोळ्यांपुढे नाचायला लागली. एका दुपारी ती न सांगता घरी आली. खाली तिची स्कूटर बघून अभि गेटावरूनच मागे फिरला. वर आई पलंगावर, छताकडे बघत. लिफ्टचा आवाज ऐकून परत आडव्या झाल्या, असं त्रिशलाने ठरवलं.

तिने मग परीक्षा घ्यायचं ठरवलं, मास्तरीणच ती. एक दिवस आशाबाईंना येऊ नका म्हणून सांगितलं, आणि आईचं ताट गॅलरीच्या वाटेवरच्या ओट्यावर झाकून ठेवून कामाला गेली. संध्याकाळी येऊन बघते तर ताट रिकामं, घासून पालथं घातलेलं. बघणाऱ्याला आणखी काय पुरावा हवा? अभिने बिचाऱ्याने दुपारी आईला उपाशी बघितलं, भरवलं, ताट घासून ठेवलं. आशाबाई का आल्या नाहीत हे रात्री बायकोला विचारता येईना, विचारलं तर तुला कसं कळलं, असं ती विचारणार. आठवड्याभरात त्रिशलाने आशाबाईंचा हिशेब करून त्यांना कायमचं बंद केलं. ताट रोज ओट्यावर आणि रोज घासून पालथं.

कुणीतरी तोंड उघडायला हवं होतं ना? आमच्या घरात तोंडं फक्त जेवायला उघडतात.

मग एका सकाळी आईचे केस विंचरता विंचरता त्रिशलाने विषय काढला.

"दुपारी काय चालतं ते मला सगळं दिसतं, आई."

आईचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "अभ्याला काही बोलू नकोस."

त्रिशलाच्या दृष्टीने तो कबुलीजबाब होता. चोरी पकडली गेली, आणि पोराला कळू नये म्हणून म्हातारी गयावया करतेय. तिने वेणी घातली, फणी धुऊन ठेवली आणि कॉलेजला गेली. आईने दुपारी अभिला सांगितलं, तिला कळलंय रे. अभि दोन दिवस जीव मुठीत धरून बसला. बायको काही बोलेना. उलट आशाबाई बंद, ताट ओट्यावर तयार. त्याने त्याचा अर्थ लावला तो असा, की तिला सगळं माहीत आहे, पटलेलं नाही, पण तिने सोडून दिलंय. तोंडाने हो म्हणायला तिला कमीपणा वाटतो, म्हणून दुपार आपल्यावर सोपवलीय. त्याला तर भरूनच आलं. मला फोनवर म्हणाला, त्रिशला वाटते तेवढी कडक नाही गं अक्का. मला संदर्भच माहीत नव्हता. मी म्हटलं, असेल बाबा.

मार्चच्या शेवटी त्याला कोल्ड स्टोरेजच्या कामाने चार दिवस नाशिकला जावं लागलं. निघताना बूट घालत तो त्रिशलाला म्हणाला की मी नाही, तर दुपारची जरा घरी येऊन जा. ती हो म्हणाली. गेली मात्र नाही. कशाला जायचं? मायलेक मिळून आपल्याला मूर्ख बनवताहेत, आता बघू या मुलगा नसताना नाटक किती टिकतं, हे तिच्या डोक्यात.

पहिल्या दिवशी ती संध्याकाळी आली तेव्हा ओट्यावरचं ताट जसंच्या तसं होतं. सूर्य अजून वर होता. तिने ताट उचललं आणि जेवणाच्या टेबलावर ठेवलं, आईला पलंगावरून दिसेल असं, शेजारी पाण्याचा तांब्या. घ्या उठून, म्हणाली, माझ्यासमोर लाज वाटत असेल तर मी गॅलरीत जाते. आणि खरंच जाऊन उभी राहिली, ऊन भिंतीवरून पार उतरेपर्यंत. आईने मागितलं नाही. सूर्य मावळल्यावर तर प्रश्नच मिटला.

दुसरा दिवस तसाच गेला. तुम्ही म्हणाल, बाई आहे की कोण. पण सकाळी कपभर दूध आणि गोळ्या ती देत होती. "मी उपाशी मारत नव्हते वन्सं," हे मला तिने किती वेळा सांगितलं असेल त्याची गणती नाही. सांगलीचं मार्चअखेरचं ऊन, वरचा मजला, आणि दिवसाकाठी एक कप दूध. दिवसभर फोनवर ठिपका पलंगावर पडून होता, श्वास चालू होता. म्हणजे हट्ट चालू होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती स्टाफरूममध्ये पेपर तपासत होती. फोन उघडाच समोर. आईचा ठिपका पलंगावरून हलला.

तिने पेन खाली ठेवलं. ठिपका पलंगाच्या कडेला आला, एकदम झटका बसल्यासारखा बाजूला झाला, मग थांबला. मग सरकायला लागला, टेबलाच्या दिशेने. रोजच्यापेक्षा हळू. थोडा सरकायचा, थांबायचा, पुन्हा थोडा सरकायचा. तिला आनंद झाला. हे तिनेच सांगितलं मला, मी माझ्या पदरचं घालत नाही. इतक्या दिवसांचा राग एका जागी गोळा होऊन त्याचा आनंद झाला. तिने त्या नकाशाचं चित्र काढलं आणि अभिला पाठवलं. खाली लिहिलं, या तुमच्या आई. कुणीही हात न लावता.

अभिचा फोन लगेच आला.

"ती जमिनीवर आहे. घरी पळ."

"चालताहेत त्या. रोज चालतात. मी महिनाभर बघतेय."

"त्रिशला, मी उचलतो तिला. रोज मी उचलतो."

तिने नकाशा पुन्हा उघडला. फोनवर ठिपका टेबलाच्या अलीकडे थांबला होता. मोठा होत होता, लहान होत होता. श्वास चुकला तर वाजणारी घंटा तिने फक्त पलंगापुरती लावली होती.

ती घरी पोचली तेव्हा आई पालथी पडलेली होती, डावा हात टेबलाच्या पायाला धरलेला. खुब्याचं हाड मोडलेलं. तांब्या वर तसाच, भरलेला. मिरजेला हॉस्पिटलमध्ये नेलं, तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की हाडाचं नंतर बघू, अंगात पाणीच नाही, मूत्रपिंडं थकलीत. मी बेळगावहून गाडी करून निघाले. अभि नाशिकहून आला. मी पोचल्यावर त्रिशलाला काय काय बोलायचं ते वाटेत सगळं जमवलं होतं. मला चांगलं बोलता येतं.

बोलायची वेळच आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आई शुद्धीवर आली. आम्ही तिघंही पलंगापाशी होतो. तिने माझ्याकडे बघितलं नाही, अभिकडेही नाही. त्रिशलाला डाव्या हाताने जवळ बोलावलं. जीभ आणखी जड झाली होती. त्रिशलाने तिच्या तोंडाशी कान नेला, तरी मला सगळं ऐकू आलं.

"माझं चुकलं पोरी. त्याच्या पाठीचा विचार नाही केला. आता नाही लावणार त्याला उचलायला."

तेव्हा मला कळलं. त्या दोन संध्याकाळी तिच्यासमोर ताट ठेवून सून का उभी आहे, याचा आईने लावलेला अर्थ हा होता. मोडक्या पाठीच्या मुलाला आपण आपल्या हौसेसाठी उचलायला लावलं, त्याच्या बायकोला ते कळलं, आणि ती रागावली. रागावणारच. तिच्या जागी आपणही रागावलो असतो. म्हणून तिने पाणी मागितलं नाही. शिक्षा योग्य आहे असं समजून ती पडून राहिली, आणि तहान फारच झाली तेव्हा, कुणाला त्रास नको म्हणून, आपली आपण घ्यायला निघाली.

त्रिशला तरी सांगणार काय? तुम्ही चालता असं मला वाटलं, हे? तिने आईचा हात धरला, आणि आईला वाटलं आपल्याला माफी मिळाली. त्या समाधानात ती संध्याकाळी गेली.

डॉक्टरांनी पलंगावरून पडल्या असं लिहिलं, आणि ते खोटं नव्हतं. पै-पाहुणे आले, त्रिशलाने सासूचं किती केलं हे एकमेकांना सांगत जेवून गेले. मीही त्यांना वाढत राहिले. अभिने बायकोला एक शब्द विचारला नाही, हात उगारला नाही, घर सोडून गेला नाही. मला वाटलं, हा सोडून देणार. मला त्याचाच संताप आला होता.

सगळं आटोपल्यावर, मी निघायच्या सकाळी, तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"मला त्या यादीतून काढ," तो म्हणाला. "आजपासून मी दिसायला पाहिजे."

तिने फोन पुढे केला, त्याने अंगठा लावला. उंबऱ्याचा तोच नियम, दिसायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. दुसऱ्या कुणाला, अगदी डब्याच्या मालकिणीलाही, त्यात ढवळाढवळ करता येत नाही.

तेव्हापासून रोज दुपारी तो घरी येतो. त्रिशलाला कॉलेजात फोनवर दिसतं. दारातून एक ठिपका आत येतो, त्याच्यावर 'अभिनंदन' लिहिलेलं. पलंगाशी जातो, थांबतो, वाकतो. मग हळूहळू, जड पावलांनी, गॅलरीपर्यंत जातो. डबा त्याला आता पुरतेपणी ओळखतो, हातांत काहीच नसतं ना. मधली सुट्टी संपेपर्यंत तो तिथे उभा असतो. मग तसाच परत पलंगापाशी येतो, पुन्हा वाकतो आणि निघून जातो. त्या वेळेला तिचा प्रात्यक्षिकाचा तास असतो. ती मुलांना काहीतरी लिहायला देते आणि बघत बसते.

मी तिला एकदा फोनवर म्हटलं, अगं बाई, डबा काढून टाक, नाहीतर कंपनीचं फर्मवेअर परत चढव, मला आला अहवाल तर मी नाही उघडणार. ती म्हणाली, वन्सं, पण ते विचारतात ना रोज.

परवा गेले होते तेव्हा ते मी माझ्या कानांनी ऐकलं. आता अभिही सूर्य असतानाच जेवतो. ऊन भिंतीवर होतं, दोघं टेबलाशी बसली होती, त्रिशलाने त्याचं ताट वाढून पुढे सरकवलं, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला. त्याने ताटाला हात लावला नाही.

"दिसलो?"

"दिसलात."

मग तो जेवायला लागला. त्या घरात दिवसभरात तेवढंच बोलणं होतं.